पंचवीस हजारांच्या गाडीला ‘फुल’ इन्शुरन्स कशाला?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. गाडी २०१३ ची पल्सर १५०. आरसी वडिलांच्या नावावर आहे. ते दोन वर्षांपूर्वी गेले आणि नाव बदलायचं राहून गेलं. इन्शुरन्स संपून चार महिने झाले. तुम्ही रोज साताऱ्यातून एमआयडीसीत जाता, मागे कंपनीतला एक मित्र बसतो. एजंटने दोन आकडे दिलेत: थर्ड पार्टी ८४३ रुपये आणि गाडीची किंमत २५,००० धरून फुल १,३७४ रुपये. वर सल्लाही दिलाय, की एवढ्या जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे. तो सल्ला बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी वर्षानुवर्षं मोटार क्लेमचे सर्व्हे केले आहेत. कंपनीसाठी नुकसान मोजायचं काम, त्यामुळे पॉलिसी विकण्यात मला रस नाही. एजंटने गाडीकडे बघून सल्ला दिलाय आणि गाडीपुरता तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण तुमच्या बाबतीत खरी जोखीम मागच्या सीटवर बसलेली असते, ती त्याने विचारात घेतलेली दिसत नाही.

आकडे कुठून येतात ते आधी बघू. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना तोच. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ आणि त्यावर २,८०४. गाडी नवी की जुनी याच्याशी संबंध नाही, इंजिन किती सीसीचं एवढंच बघतात. पल्सर १५० चं इंजिन १४९.५ सीसी, म्हणून ती ७१४ मध्ये बसते. शेजाऱ्याची युनिकॉर्न १६० असेल तर तो जवळपास दुप्पट भरतो. ७१४ वर १८ टक्के जीएसटी धरला की तुमचे ८४३ झाले. यात घासाघीस होत नाही. कुणी तुम्हाला चारशे रुपयांत थर्ड पार्टी काढून देत असेल तर तो कागद खोटा आहे असं समजा.

फुलमध्ये त्यावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग येतो, ज्याला ओडी म्हणतात. हा दर कंपनीगणिक बदलतो, पण दहा वर्षांवरच्या दीडशे सीसीच्या गाडीला जुन्या टॅरिफप्रमाणे तो किमतीच्या साधारण १.८ टक्के पडायचा आणि तुमच्या एजंटचा आकडाही तिथेच येतो. २५,००० वर ४५० रुपये. ७१४ अधिक ४५० म्हणजे १,१६४, जीएसटीसह १,३७४. म्हणजे प्रश्न वर्षाला ५३१ रुपयांचा आहे. या ५३१ मध्ये काय मिळतं?

सगळ्यात मोठी गोष्ट जी मिळते ती बहुतेक लोकांना ठाऊकच नसते. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी कायद्याला लागते तेवढीच असते. रस्त्यावरचा पादचारी, समोरचा स्कूटरवाला, सायकलवाला यांना तुमच्यामुळे इजा झाली तर कंपनी भरते आणि मृत्यू-दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. तुमच्या मागे फुकट बसलेला माणूस मात्र त्यात धरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दुचाकीच्या पिलियनबाबत, म्हणजे मागे बसणाऱ्याबाबत, हे स्पष्ट केलं. उलट फुल, म्हणजे पॅकेज पॉलिसीत पिलियनबद्दलची जबाबदारी कंपनीची असते. विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात कंपन्यांना तसं बजावलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तोच फरक धरून चालायला सांगितलं. वकील मंडळी यावर अजून भांडतात, पण ज्या मुद्द्यावर कोर्टात भांडावं लागेल त्या बाजूला आपण उभंच का राहायचं?

हे कधी अंगावर येतं? ट्रकने तुम्हाला उडवलं तर ट्रकच्या कंपनीच्या दृष्टीने तुमचा मित्र थर्ड पार्टी आहे, ती भरेल. पण पावसात खड्डा चुकवताना तुमचीच गाडी घसरली, किंवा आडव्या आलेल्या कुत्र्यापायी तुम्ही डिव्हायडरवर गेलात, तर दुसरी गाडीच नाही. मित्राच्या घरच्यांचा दावा तुमच्यावर येतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हिशेब कसा करतं ते बघा. समजा मित्राचं वय ३०, पगार महिना २५,०००, घरी बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे ३ लाख. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ४ लाख २० हजार. चार जण अवलंबून, म्हणून स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा करून ३ लाख १५ हजार. या वयाला गुणक १७. झाले ५३ लाख ५५ हजार, अंत्यसंस्कार वगैरेचे वेगळे. नोकरी कायम असेल तर वाढ ५० टक्के धरतात, आकडा आणखी वर जातो. चूक कुणाची हे सिद्ध व्हावं लागतं, दरवेळी इतकं होतंच असं नाही. पण गाडी पंचवीस हजारांची आहे म्हणून दावाही पंचवीस हजारांचाच येतो असं कायद्यात कुठे नाही.

तेव्हा मागे रोज कुणी बसत असेल, तर ५३१ रुपये मुख्यतः त्याच्यासाठी द्यायचे. बाकी सगळं वरकड.

इथे दोन सावधगिऱ्या. एजंट ‘पिलियन कव्हर टाकलंय’ म्हणेल तेव्हा काय टाकलंय ते विचारा. मागे बसणाऱ्यासाठी एक ठरावीक रकमेचं अपघात कव्हर मिळतं, दुचाकीला फार तर एक लाखाचं. ती रक्कम ठरलेली असते, वरच्या ५३ लाखांच्या जबाबदारीशी तिचा संबंध नाही. घ्यायला हरकत नाही, पण एकाला दुसरं समजू नका. दुसरं म्हणजे मित्राने कधीमधी पेट्रोल टाकलं तर कुणी आकाश कोसळवत नाही. मात्र ॲपवरून भाडी मारायला लागलात तर खासगी वापराची पॉलिसी कामाची राहणार नाही, मग ती फुल असो की थर्ड पार्टी.

आता गाडीचं स्वतःचं नुकसान. लोकांचा समज असतो की जुन्या गाडीला क्लेममध्ये काहीच मिळत नाही. तसं नाही, निम्मं मिळतं. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्केच. काचेवर घसारा नाही, मजुरी पूर्ण मिळते. समजा पडून हँडल, फोर्क, हेडलाइट, मडगार्ड गेलं आणि बिल ७,००० चं झालं: मजुरी १,४००, धातूचे भाग ३,२००, प्लास्टिक २,४००. यात १,४०० पूर्ण, १,६०० आणि १,२०० निम्मे, एकूण ४,२००. त्यातून दुचाकीची नेहमीची १०० रुपयांची सक्तीची कपात गेली की ४,१०० हातात. घसारा कापू नये म्हणून जे झिरो डेप विकतात ते साधारण पाच वर्षांनंतर मिळत नाही, तेव्हा त्या विषयात पडू नका.

‘छोटा क्लेम करू नको, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाईल’ हा सल्ला सगळे देतात. तो चारचाकीवाल्यांचा आहे, जुन्या दुचाकीवाल्याने तो जसाच्या तसा घेऊ नये. एनसीबी फक्त ओडीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा. तुमचा ५० टक्क्यांचा एनसीबी असता आणि क्लेम केल्यामुळे शून्यावर आला असता, तर पुन्हा ५० ला पोहोचेपर्यंत पहिल्या वर्षी ५० टक्के, मग ३०, २५, १५, ५ असे एकूण १२५ टक्के गमावले असते. ४५० च्या १२५ टक्के म्हणजे ५६२ रुपये, पाच वर्षांत मिळून. त्यासाठी ४,१०० सोडायचे? अपवाद एकच: वर्षभरात नवी दुचाकी घ्यायचा विचार असेल तर. एनसीबी माणसाबरोबर जातो, जुनी विकून नव्या दुचाकीला लावता येतो, आणि सव्वा लाखाच्या गाडीवर तेच १२५ टक्के दोन-अडीच हजारांच्या घरात जातात. तेव्हा हिशेब करा.

तुमच्या बाबतीत मात्र एनसीबी आता हातचा गेला. मालक वारल्यावर गाडी बायको-मुलांकडे आली तर त्याचा एनसीबी वारसाला मिळू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो मावळतो, आणि तुमचे चार महिने झालेत.

गाडीची किंमत किती धरायची, म्हणजे आयडीव्ही, यावर जरा थांबून बोलतो, कारण इथे लोक पन्नास रुपये वाचवून हजारो घालवतात. पाच वर्षांपर्यंत ठरलेली टक्केवारी असते, चार ते पाच वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून ५० टक्के वजा होतात. पाच वर्षांनंतर ती किंमत कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवायची असते. संकेतस्थळावर जो आकडा आपोआप येतो तो बहुतेक वेळा खालचा असतो, कारण त्यामुळे प्रीमियम स्वस्त दिसतो. २५,००० ऐवजी १२,००० धरलेत तर वाचतात २३४ रुपये, वर जीएसटी. गाडी चोरीला गेली की १३,००० कमी मिळणार, हे झालंच. पण आणखी एक गोष्ट होते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत काढतात. १२,००० आयडीव्ही असेल तर ९,००० च्या बिलालाच तुमची धडधाकट पल्सर कागदावर भंगार होते. कंपनी म्हणणार, १२,००० घ्या आणि सांगाडा द्या, नाहीतर सांगाड्याची किंमत वजा करून उरलेले घ्या. २५,००० ला हीच रेघ १८,७५० वर असते. मी कितीतरी लोकांना या टप्प्यावर गॅरेजमध्ये हताश उभं राहिलेलं बघितलंय: गाडी दुरुस्त होण्यासारखी, मेकॅनिक तयार, आणि पॉलिसीत लिहिलेला आकडा आडवा. तुमच्या भागात तशीच गाडी तशाच स्थितीत कितीला विकली जाते ते दोन-तीन डीलरना विचारा आणि तोच आकडा मागा. वाढवून मागूनही उपयोग नाही, कंपनी मान्य करणार नाही.

चोरीचं म्हणाल तर पल्सर आणि स्प्लेंडरला गिऱ्हाईक नेहमीच असतं. क्लेमसाठी दोन्ही चाव्या लागतात. दुसरी चावी कुठे आहे ते आजच बघून ठेवा. वडिलांच्या गाडीच्या बाबतीत ती बहुधा त्यांच्या कपाटात किंवा कुठल्यातरी डब्यात असेल. एफआयआर लगेच, कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवायचं, आरटीओला पत्र, आणि शेवटी पोलिसांची ‘ए समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल. त्याला महिने लागतात. नुसत्या जादा बसवलेल्या वस्तू चोरीला गेल्या तर काही मिळत नाही, गाडी सोबत गेली तरच.

पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल एवढंच सांगतो, कारण कृष्णा-कोयनेच्या काठी २०१९ चा पूर कुणी विसरलेलं नाही. पुराचं नुकसान पॅकेजमध्ये आहे, थर्ड पार्टीत नाही. पण पाणी ओसरल्यावर किक मारून बघायची नाही. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं की पुढचं नुकसान पुरामुळे झालं की तुमच्यामुळे, हा वाद सुरू होतो आणि तो तुम्ही हरता. ढकलत गॅरेजला न्या.

आता तुमच्या प्रकरणातला मूळ अडसर: आरसी. वर जे काही लिहिलं ते सगळं या एका कागदावर अडतं. कायद्याप्रमाणे मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असतं. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती म्हणजे आई-भावंडांचं प्रतिज्ञापत्र. उशिराचा दंड भरावा लागेल, भरा. मात्र नाव बदलायला चालू इन्शुरन्स लागतो आणि इन्शुरन्सवाला म्हणतो आधी नाव बदला. इथे ऑनलाइन पॉलिसी काढण्याचा मोह होईल, कारण गाडीचा नंबर टाकला की वडिलांचं नाव आपोआप येतं आणि पैसे घेऊन पॉलिसी निघते. तसं करू नका. विमा हा करार आहे आणि वारलेल्या माणसाच्या नावाने केलेला करार क्लेमच्या वेळी कुणी उचलून धरणार नाही. कंपनीच्या शाखेत जा, मृत्यू दाखल्यासह वारस म्हणून लेखी अर्ज द्या, पॉलिसी तुमच्या नावाने मागा. आरसी बदलून आली की ती पॉलिसीला जोडून घ्या.

याच कारणाने मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर सध्या तुम्हाला उपयोगाचं नाही. ते आरसीवर ज्याचं नाव त्यालाच, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. तुम्ही घसरून पडलात तर तुम्ही स्वतः थर्ड पार्टी नसता. दुसऱ्याची गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा आहे असं कोर्ट धरतं. नाव बदलल्यावर हे कव्हर घ्या, वर्षाला साधारण तीन-चारशे रुपये. माझं मत विचाराल तर गाडीच्या पॉलिसीला चिकटवण्यापेक्षा १५ लाखांची किंवा त्याहून मोठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. ती असेल तर गाडीसोबतचं कव्हर नाकारता येतं, आणि तुम्ही एसटीत असा की पायी, ती लागू असते. बायकोचीही काढा. तिला तुमच्या चुकीने इजा झाली तर तुम्हीच वादी आणि तुम्हीच प्रतिवादी असा गुंता होतो, त्यापेक्षा तिची स्वतःची पॉलिसी सरळ.

चार महिन्यांचा खंड असल्यामुळे फुल घेताना कंपनी गाडीची तपासणी करेल किंवा फोटो-व्हिडिओ मागेल. आधीचे ओरखडे लपवू नका, त्यांची नोंद झालेली बरी. पॉलिसी नेमकी किती वाजता सुरू होते तेही बघा. पैसे भरले त्या क्षणी ती सुरू होते असं धरू नका. तोवर गाडी घरी. बिनविम्याची गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी ४,०००. तो दंड परवडेल हो. वरचा ५३ लाखांचा हिशेब परवडणार नाही.

२०१३ ची गाडी म्हणजे २०२८ मध्ये नोंदणीची १५ वर्षं संपतील. तेव्हा फेरनोंदणी आणि महाराष्ट्रात दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये पर्यावरण कर. ती तारीख चुकवून पॉलिसीचे पैसे मात्र भरत राहणारे बरेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोंदणी संपलेल्या गाडीचा चोरीचा क्लेम फेटाळला होता. तुमचं लायसन्सही बघून ठेवा. ते संपलेलं असेल तर कंपनी समोरच्याला पैसे देईल आणि नंतर तुमच्याकडून वसूल करेल.

थर्ड पार्टी कुणाला पुरते, तेही सांगतो. शेतावर जाण्यापुरती, आठ-दहा हजारांची गाडी, चालवणारा एकटा, मागे दुधाचे कॅन. त्याने खुशाल थर्ड पार्टी घ्यावी आणि स्वतःची अपघात पॉलिसी काढावी. याच्या अगदी उलट ज्यांच्याकडे जपलेली आरएक्स १०० किंवा जुनी बुलेट आहे त्यांचं. १९९६ पासून आरएक्स १०० बनत नाही, चांगल्या स्थितीतली लाखाच्या वर जाते, आणि कंपनीच्या संगणकात तिची किंमत किरकोळ दिसते. अशांनी मूल्यांकन करून, फोटो जोडून, आयडीव्ही लेखी ठरवून घ्यावी. नाहीतर फुल घेऊनही काही अर्थ नाही.

पॉलिसी हातात आली की नुसती गाडीत ठेवून देऊ नका. वर ‘लायबिलिटी ओन्ली’ (म्हणजे नुसती थर्ड पार्टी) छापलंय की ‘पॅकेज’, ते बघा. थर्ड पार्टी मालमत्तेची मर्यादा एक लाख आहे ना, की पन्नासएक रुपये कमी करण्यासाठी ती ६,००० वर आणलीय? हे एजंट न विचारता करतात, आणि आजकाल कुठल्याही कारचा नुसता बंपर-हेडलाइट सहा हजारांत होत नाही. चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षरन्‌ अक्षर जुळवा, आयडीव्ही तुम्ही सांगितली तीच आहे का बघा. काही चुकलं असेल तर त्याच आठवड्यात ईमेलने दुरुस्ती मागा आणि एन्डॉर्समेंटचा, म्हणजे त्या दुरुस्तीचा, कागद येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.